न दिलेल्या हुंकाराची कहाणी

ऐका हुंकारा, तुमची कहाणी. आटपाट म्हणावं असं एक नगर होतं. नगराला राजा होता, राजाला राणी होती, आणि दोघांना पोसणारी बाकीची माणसं होती.

त्या नगरात सटवा नावाचा बुरूड राही. बांबू चिरी, सुपं विणी, टोपल्या विणी, बाजारी नेई. त्याची बायको पारू राजवाड्यात भांडी घाशी. म्हातारी आई धोंडाई उंबऱ्यात बसे, आणि सगळ्यांना अक्कल शिकवी. एक लेक होती बकुळा. ती वेशीबाहेरच्या शाळेत जाई. चार बुकं शिकली होती, पाचवं चाललं होतं. देवळाच्या कमानीवरची अक्षरं ती मोठ्यानं वाची. पारू खाली उभी राहून ऐके, आणि आत देवाला जायचं विसरे.

नगराच्या चौकात दिवेलागणीला राजाचा चित्रकथी बसे. एकेक चित्र दाखवी, गोष्ट सांगी. रीत अशी होती, की गोष्टीला हुंकार द्यायची पाळी घरोघर फिरे. पाळीच्या घरची बाई पुढं बसे. ती 'हूं' म्हणे, मग चित्रकथी चित्र उलटी. हूं नाही, तर पुढचं चित्र नाही. पण हूं नाही असं कधी झालंच नव्हतं. हसू नका आयांनो. दिवेलागणीला तुमच्याही भिंतीवर चित्रं हलतात. तेव्हा घरात पोर रडलं तरी तुम्हांला ऐकू जात नाही.

एके दिवशी चित्रकथ्यानं गोष्ट सांगितली. एक बाई गरीब होती. का गरीब होती? तर तिनं देवाआधी घास खाल्ला होता. हुंकार पडला. पारू घरी आली, मनात म्हणाली, मीही कधी खाल्ला असेल. मग तिनं सोमवार धरला, मग शुक्रवार धरला, मग शनिवार धरला. उपासानं अंगातलं बळ गेलं. भांडी मात्र तेवढीच राहिली.

महिन्यानं दुसरी गोष्ट सांगितली. एक पोर होतं. त्यानं पाटी फोडली, गुरूला वाकुल्या दाखवल्या, घरामागं खणलं, तर सोन्याचा हंडा लागला. हुंकार पडला. सटवानं कोयता ठेवला, कुदळ घेतली. परसात एक खड्डा खणला, दुसरा खणला, तिसरा खणला. शेजाऱ्यानं विचारलं, विहीर काढतोस काय? सटवा म्हणाला, दारी हत्ती झुलेल तेव्हा ये बघायला. सुपं विणायची राहिली. घरात पीठ सरलं.

आणखी महिन्यानं तिसरी गोष्ट सांगितली. दोन सुना होत्या. थोरली लिही, वाची, नाक वर करून चाले, तिनं घर मोडलं. धाकटीला अक्षर येईना, ती उलटून बोलेना, तिला महाल मिळाला. हुंकार पडला. धोंडाई पदर खोचत घरी आली.

"पुरे झालं बुक," ती म्हणाली. "परवापासून पोरगी वाड्यावर भांड्याला जाईल."

बकुळा म्हणाली, "आजी, पाचवं तेवढं होऊ दे."

"बघा, उलटं बोलती. मोडायला लागलीच घर."

सटवा खड्ड्यातून म्हणाला, आई म्हणती ते बरोबर. पारू म्हणाली, माझ्याच पापाचं फळ. घरात तीन मोठी माणसं, कधी नाही ते एकमत झालं. मोठ्यांचं एकमत झालं, की समजावं कुणातरी धाकट्याचं वाटोळं ठरलं. बकुळानं बुकं फडक्यात गुंडाळली. रडली नाही. तेच पारूला सोसेना.

दुसऱ्या दिवशी पारू नदीवर हंडे घासायला गेली. तिथं तिला भोवळ आली. एक म्हातारी धावली, पाणी मारलं, भाकरीचा तुकडा पुढं केला. तुम्ही म्हणाल, ही देवी. कहाणीत म्हातारी आली की देवीच असते. ही नव्हती. ही चित्रकथ्याची आई होती.

पारू म्हणाली, मला उपास आहे, माझं पाप फिटायचंय. म्हातारीनं विचारलं, कसलं पाप? पारू म्हणाली, ते ठाऊक नाही, पण मी गरीब आहे, म्हणजे केलं असणार. म्हातारीनं कपाळाला हात लावला.

"ती गोष्ट माझ्या लेकाची, बये. आधी आम्ही गावोगाव फिरायचो. ज्या गावचं दुखणं, त्या गावची गोष्ट. आता राजा धान्य घालतो, नि राजा सांगेल तशी चित्रं रंगतात. तो वाईट नाही. त्यालाही पोरं आहेत."

मग पारूनं भाकरी खाल्ली. म्हणाली, आई, मला वसा सांगा. म्हातारी म्हणाली, "मन राजी नसेल तर गोष्टीला हूं म्हणू नये. नुसतं गप्प बसू नये, विचारावं. उतलीस तरी चालेल, मातलीस तरी चालेल. घेतला वसा टाकू नकोस."

त्या दिवशी हुंकाराची पाळी पारूच्या घराची होती. सगळं नगर चौकात जमलं. लोकांना दोन सुनांची गोष्ट फार गोड लागली होती, त्यांनी तीच पुन्हा मागितली. पारू पुढं बसली. मागं धोंडाई, तिच्याशेजारी सटवा आणि बकुळा. चित्रकथ्यानं पहिलं चित्र दाखवलं, थोरल्या सुनेचं, हातात पोथी असलेलं. आणि थांबला.

पारू बोलेना. धोंडाईनं मागून चिमटा काढला. "हूं म्हण की गं. चारचौघांत लाज काढतीस." वाड्यावरचं काम जाईल हे तिला कळत होतं. तिनं एकदा मागं बकुळाकडं पाहिलं.

मग म्हणाली, "दादा, तुम्ही वाड्यावर असता. राजाच्या लेकी काय करतात?"

"शिकतात. पंडित येतात त्यांना."

"मग राजाचं घर मोडलं का?"

चित्रकथी म्हणाला, नाही.

"राजाची कोठारं भरली, ती परसात हंडा सापडून?"

चित्रकथी खाली बघून म्हणाला, नाही, तुमच्या खळ्यावरून भरली.

"आणि राणी देवाआधी जेवते, ते मी रोज बघते. तिची ताटं मीच घासते. ती कशी गरीब झाली नाही?"

चित्रकथ्यानं सगळी चित्रं गोळा केली, फडक्यात बांधली, पारूला हात जोडले आणि चालता झाला. लोक उठेनात. गोष्ट अर्धी सोडून घरी कसं जायचं, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

पुढं काय झालं? सोन्याचा पाऊस पडला नाही. खोटं कशाला सांगू? राणीनं पारूला कामावरून काढलं. धोंडाई रुसली, तिनं सुनेशी बोलणं टाकलं, भाकरी मात्र वेळेवर मागे. सटवानं कुदळ ठेवली, पुन्हा कोयता घेतला. पारू नवऱ्याशेजारी बसून सुपं विणू लागली. सकाळी बकुळा बुकं घेऊन निघाली, तर सटवा पाठोपाठ निघाला. चुकलो म्हणायला बापांची जीभ वळत नाही. त्यानं तिच्या हातातलं बुकांचं ओझं आपल्या डोक्यावर घेतलं, शाळेच्या दारात उतरवलं, आणि मुकाट्यानं परत आला. बकुळानं पाचवं बुक संपवलं, सहावं धरलं.

राजानं नवा चित्रकथी आणला. नवी चित्रं, नवे रंग. पाळी कासाराच्या घराची होती. कासारीण पुढं येऊन बसली. चित्रकथ्यानं आधीच विचारलं, बाई, हूं म्हणाल ना?

कासारीण म्हणाली, "ऐकून बघते."

जसा पारूनं हुंकार राखला, तसा तुम्ही आम्ही राखावा. जशी बकुळा शाळेत राहिली, तशा तुमच्या लेकी राहोत, तुमचे लेक राहोत. ज्यांना तुम्ही शाळेतून काढून घेतलं, त्यांना हे ऐकायला तरी जवळ बसवा. ही साठां उत्तरांची कहाणी, चार प्रश्नीं सुफळ संपूर्ण.