अर्धी पखाल

फार फार पूर्वी, माणसं जनावरांचं बोलणं अजून ऐकून घेत होती त्या काळी, एका उजाड माळाच्या कडेला एक गाव होतं. गावाची एकुलती एक विहीर आटत चालली होती. माळापलीकडे मोठं तळं होतं, पण वाटेत ना पाणी, ना सावली. अख्खं गाव तिकडे हलवायचं ठरलं.

एका बैलजोडीला तळ्यापर्यंत पाणी किती लागतं, एवढाच प्रश्न होता. जास्त घ्यावं तर गाडीत माणसं आणि धान्य मावेना. कमी घ्यावं तर वाटेत बैल बसणार.

गावात एक गाडीवान होता. त्याला आपल्या जोडीचा भारी अभिमान. तो एकदा माळ ओलांडून आला आणि ऐटीत म्हणाला, "अर्धी पखाल पुरते. माझी बैलं म्हणजे काय वाटली तुम्हाला?"

पखाल म्हणजे पाण्याची चामडी पिशवी. दर गाडीला अर्धी, अशी पाटलाने दवंडी पिटवली. लोक खूश झाले. उरलेल्या जागेत कुणी उखळ चढवलं, कुणी दाराची चौकट. गाडीवानाच्या सुनेचे दिवस भरत आले होते. तिच्यासाठी तो गाडीत गवत अंथरू लागला, आणि तेव्हा त्याच्या मनात पाल चुकचुकली. आपण गेलो तेव्हा गाडी रिकामी होती. आभाळही भरून आलेलं होतं.

 गोठ्यात जाऊन त्याने थोरल्या बैलाला विचारलं, "खरं सांग बाबा, अर्धी पुरेल ना?"

बैल रवंथ थांबवून म्हणाला, "धनी, निघताना आम्ही पोटभर प्यालो होतो. आता गावच्या सगळ्या बैलांना तेवढं पाणी विहीर देईल? आणि तळ्यावर आम्ही किती प्यालो ते तुम्ही पाहिलंच नाही. तुम्ही पाय धूत बसला होतात. ती तहान वाटेचीच होती."

 गाडीवान तसाच पाटलाकडे गेला. "माझं माप चुकलं. पुन्हा मोजू द्या."

"विहिरीचा गाळ दिसायला लागलाय," पाटील म्हणाला. "तुझ्या मोजण्यात आहे तेही पाणी जाईल."

"जाईल. पण त्या मापावर मी सुनेला गाडीत बसवणार नाही."

मग त्याने माणसं आणि धान्याच्या वजनाइतके दगड गाडीत भरले. निघताना बैलांनी तोंड फिरवेपर्यंत त्यांना पाजलं, पोचल्यावरही तसंच. वाटेत आणि तळ्यावर दिलेलं सगळं पाणी एकाच घागरीने मोजलं. तीच वाट, तीच चाल, पुन्हा आणि पुन्हा. विहिरीवरच्या बायका त्याला बोल लावत होत्या, विहिरीचं पाणी खाली जात होतं, तरी तो मोजत राहिला. दोन खेपांचं माप जुळलं. तिसऱ्या खेपेला समोरून झळा आल्या, तेव्हा जास्त लागलं. त्याने ते जास्तीचंच सांगितलं: दीड पखाल.

उखळं उतरली, चौकटी उतरल्या. एका शेतकऱ्याने मात्र काही उतरवलं नाही. "अर्धी पुरते असं तूच म्हणालास ना?" तो म्हणाला, आणि अर्धीच पखाल घेऊन निघाला.

माळाच्या मध्यावर त्या शेतकऱ्याचे बैल बसले, ते उठलेच नाहीत. त्याची बायकापोरं इतरांच्या गाड्यांत दाटीवाटीने बसली. दुसऱ्याला पाजावं इतकं पाणी कुणाकडेच नव्हतं. बाकीचे तळ्यावर पोचले, तेव्हा पखाली जवळजवळ कोरड्या होत्या.

तिथेच गाडीवानाला नातू झाला. लोक त्याचं कौतुक करत होते, पण त्याचे डोळे माळाकडे लागले होते. ते दोन बैल आपल्या पहिल्या मापाने मेले, हे त्याला ठाऊक होतं.

म्हणून मुलांनो, सारख्याच रीतीने पुन्हा पुन्हा मोजून पटल्याशिवाय माप सांगू नये, कारण एकदा सांगितलेलं माप सगळ्यांकडून परत घेता येत नाही.