चुंदीची शेंग आणि बोल्टाचे आटे

एक होती चिचुंद्री. नाक लांब, डोळे बारीक, पाय एवढे एवढेसे. नाव तिचं चुंदी.

चुंदीला सापडली शेंग. भुईमुगाची. तीन दाण्यांची. सकाळपासून चुंदीच्या पोटात काही नव्हतं. तिनं शेंग खाली ठेवली आणि मोठ्ठी जांभई दिली. आऽऽऽ.

तेवढ्यात आला ट्रॅक्टर. धुक् धुक् धुक् धुक्. हौसाक्काचा जुना ट्रॅक्टर. हौसाक्कापेक्षाही वयानं मोठा. त्याचं चाक लागलं डुगडुगायला. डुगडुग, डुगडुग, आणि थांबला. कुठं थांबला? बरोब्बर शेंगेवर.

शेंग फुटली नाही. टायरच्या खाचेत अडकली. वर टायर, खाली जमीन. चुंदीनं नाक घातलं. पोचेना. शेंग ओढली. निघेना.

चुंदी ट्रॅक्टरला म्हणाली,

"ट्रॅक्टरआजोबा, ट्रॅक्टरआजोबा,
शेंग माझी सुटेना,
थोडं पुढं सरका ना."

ट्रॅक्टर म्हणाला, "मी नाही सरकत. चाक डुगडुगतं म्हणून मिस्त्रींनी आत्ताच त्याचा बोल्ट काढून ठेवलाय. बोल्ट बसला तर सरकतो."

चुंदी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. बोल्ट पडला होता फडक्यावर, पाय पसरून.

"बोल्टभाऊ, बोल्टभाऊ,
शेंग माझी सुटेना,
ट्रॅक्टर जागचा हलेना,
चाकात जाऊन बस ना."

बोल्ट म्हणाला, "मी नाही बसत. माझे आटे बघ." बोल्टाच्या अंगावर गोल गोल रेघा होत्या. त्यांनाच म्हणतात आटे. काही दबलेले, काही झिजलेले. "नट माझ्यावर चढतो आणि अर्ध्यात अडतो. इलाहीचाचांनी आटे नीट केले तर बसतो."

चुंदी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. इलाहीचाचा होते मिस्त्री. त्यांची पत्र्याची शेड तिथंच होती. चाचांच्या हातात होती डाय. डाय म्हणजे लोखंडाची जाड बांगडी, आतून दातेरी. ती बोल्टावर फिरवली की आटे पुन्हा नीट होतात.

"इलाहीचाचा, इलाहीचाचा,
शेंग माझी सुटेना,
ट्रॅक्टर जागचा हलेना,
बोल्ट चाकात बसेना,
डाय जरा फिरवा ना."

चाचा म्हणाले, "मी नाही फिरवत, बेटा. कोरडी डाय फिरवली तर उरलेले आटेही जातील. कुपीनं तेल दिलं तर फिरवतो."

चुंदी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. तेलाची कुपी बसली होती फळीवर, चोच वर करून.

"कुपीताई, कुपीताई,
शेंग माझी सुटेना,
ट्रॅक्टर जागचा हलेना,
बोल्ट चाकात बसेना,
चाचा डाय फिरवेनात,
तेल थोडं सोड ना."

कुपी म्हणाली, "म् म् म् म्." चोचीत माती कोंबलेली. कशीबशी म्हणाली, "मी नाही शोडत. कुंभारीण माशीनं माज्या चोचीत घल बांधलंय. तिनं माती काढली तल शोडते."

चुंदी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. कुंभारीण माशी खिडकीत भिरभिरत होती. गुंऽऽऽ.

"कुंभारीणमावशी, कुंभारीणमावशी,
शेंग माझी सुटेना,
ट्रॅक्टर जागचा हलेना,
बोल्ट चाकात बसेना,
चाचा डाय फिरवेनात,
कुपी तेल सोडेना,
माती काढून घे ना."

कुंभारीण म्हणाली, "मी नाही काढत. मग मी राहू कुठं? नवं घर बांधायला ओला चिखल पाहिजे. सगळा चिखल म्हशीच्या खाली. म्हैस उठली तर काढते."

चुंदी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. म्हैस बसली होती डबक्यात. डोळे मिटलेले. रवंथ चाललेला. चबक् चबक्.

"म्हैसआत्या, म्हैसआत्या,
शेंग माझी सुटेना,
ट्रॅक्टर जागचा हलेना,
बोल्ट चाकात बसेना,
चाचा डाय फिरवेनात,
कुपी तेल सोडेना,
कुंभारीण माती काढेना,
डबक्यातून ऊठ ना."

म्हशीनं एक डोळा उघडला. "मी नाही उठत. हौसाक्का पेंड घेऊन आली तर उठते." आणि डोळा मिटला.

चुंदी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. हौसाक्का बसली होती शेडच्या दारात, डब्यावर, हाताची घडी घालून.

"हौसाक्का, हौसाक्का,
शेंग माझी सुटेना,
ट्रॅक्टर जागचा हलेना,
बोल्ट चाकात बसेना,
चाचा डाय फिरवेनात,
कुपी तेल सोडेना,
कुंभारीण माती काढेना,
म्हैस डबक्यातून उठेना,
पेंड घेऊन ये ना."

हौसाक्का म्हणाली, "मी नाही येत. मी इथून उठले की चाचा चहाला पळतात. मागच्या खेपेला असंच झालं. ट्रॅक्टर नीट झाला तर उठते."

आता काय करायचं?

चुंदी मटकन खाली बसली. हौसाक्का अडली ट्रॅक्टरपाशी. ट्रॅक्टर अडला बोल्टापाशी. बोल्टापासून निघालं की फिरून पुन्हा बोल्टच. पोटात गुरगुर, गुरगुर.

मग चुंदी हळूच हसली. चिक् चिक्.

ती गेली म्हशीकडं. म्हशीच्या नाकाजवळ गेली. अगदी जवळ. पाठ फिरवली. अंग फुगवलं.

आणि सोडला वास.

कसला वास! चिचुंद्रीचा वास. सडक्या कांद्यासारखा, जुन्या मोज्यासारखा, दोन्ही एकत्र केल्यासारखा.

म्हशीनं दोन्ही डोळे उघडले. "फुर्रर्र. पेंड नको, पण हे आवर." आणि उठली. बदाक बदाक बदाक. थेट पिंपळाखाली जाऊन उभी राहिली.

म्हैस उठली, ओला चिखल मिळाला.
चिखल मिळाला, कुंभारणीनं जुनी माती काढली. खुड खुड खुड.
माती निघाली, कुपीनं तेल सोडलं. टिप टिप टिप. "हुश्श," कुपी म्हणाली.
तेल आलं, चाचांनी डाय फिरवली. अर्धा फेरा पुढं, थोडी मागं. अर्धा फेरा पुढं, थोडी मागं. कर्र कुर्र, कर्र कुर्र. लोखंडाचा बारीक कीस खाली पडला.
आटे नीट झाले, बोल्ट चाकात बसला. नट चढला सर सर सर, कुठंच अडला नाही. चाचांनी पान्यानं आवळला. घट्ट.
बोल्ट बसला, हौसाक्का सीटवर चढली. ट्रॅक्टर खोकला, शिंकला आणि हलला. धुक् धुक् धुक् धुक्.

चाक फिरलं. डुगडुगलं नाही. खाचेतून शेंग पडली. टप्.

चुंदीनं शेंग पकडली. ह्या वेळी खाली ठेवली नाही आणि जांभईही दिली नाही. कट्ट करून फोडली. एक दाणा, दोन दाणे, तीन दाणे.

हौसाक्कानं नाकाला पदर लावला. "चाचा, कसला हो हा वास?"

चाचांनी नाकाला फडकं लावलं. "म्हशीचा असेल."

म्हैस लांबून म्हणाली, "माझा नाही हं."

मग सगळ्यांनी चुंदीकडं पाहिलं.

चुंदीचं तोंड होतं भरलेलं. ती काय बोलणार?

कुरुम कुरुम कुरुम.