चाळीस जणांची माती

“...पण मग मला रडू का येत नाही, बाबा?”

एवढंच विचारायला जयसिंग नलावडे शहरातून इथवर आला होता, गावाबाहेर कबरस्तानाला लागून असलेल्या फकिराच्या तकियावर, त्याच्या मठीत. रोज सकाळी मोबाइलसमोर बसून तो नव्या यंत्रांच्या नि जगभरच्या बातम्या सांगे, वर स्वतःचं मत ठोकून देई. लाखो लोक ऐकत. वडील गेले त्या दिवशीही त्याने बातम्या सांगितल्या होत्या. महिना झाला, डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही. आता त्याला स्वतःचीच भीती वाटू लागली होती.

गुलाबशा फकीर एका खचलेल्या कबरीवर माती लोटत होता. मान वर न करता म्हणाला, “आजची बातमी काय?”

असं कुणी विचारलं की जयसिंगची कळी खुलायची.

“काल एका वस्तीवर यंत्रानं बॉम्ब टाकले. चाळीस माणसं गेली. पण खरी गंमत पुढंच आहे, बाबा. कुणाला मारायचं ते यंत्रानंच ठरवलं! माझं तर म्हणणं आहे...”

“थांब.” फकिराने ओंजळभर माती उचलली. “मयताची खबर घेऊन जो इथं येतो, तो आधी माती देतो. मग बोलतो.”

जयसिंगने एक हात पुढे केला. दुसऱ्यात मोबाइल होता.

“दोन्ही हात.”

मोबाइल खाली ठेवावा लागला. माती गार होती.

“नाव घे आणि टाक.”

“नावं... आलेली नाहीत.”

“बाई होती? पोर होतं?”

“माहीत नाही.”

“मग माती कुणाला देतोस?”

ओंजळ तशीच राहिली. हातांना रग लागली. रोज तासभर तोंडाचा पट्टा चालवणाऱ्याला एक नाव सापडेना.

शेवटी तो पुटपुटला, “आनंदराव. माझे वडील.”

ओंजळ सुटली. जयसिंग तिथंच गुडघ्यांवर बसला आणि हमसून हमसून रडला.

रडून झाल्यावर त्याला हलकं वाटलं. ज्यासाठी आलो ते मिळालं, असंही वाटलं. त्याने तोंड पुसलं, हात झटकले, फकिराच्या पाया पडला आणि मोबाइल उचलला.

“येतो, बाबा.”

फकिराने वाकून पुन्हा ओंजळ भरली.

“कुठं निघालास? चाळीस जण अजून उघड्यावर आहेत.”