पाठीमागचा दगड

"त्या म्हातारीला आत सोडता कशाला, उस्ताद?"

लान्सनायक निवास खोराटेने हे विचारलं, तेव्हा सुभेदार येडगे त्याच्या पट्ट्याचं बक्कल अंगठ्याने घासत होते. छावणीत कवायत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात, आणि येडगे उस्तादांनी अख्खी हयात त्यातच घालवली होती.

छावणीतल्या हुतात्मा स्मारकाच्या चौथऱ्यावर दोघेच होते. थोड्या वेळात दिल्लीचे साहेब येणार होते. राजधानीतल्या मोठ्या स्मारकावर पहारा द्यायला इथून एकच जवान न्यायचा होता. तो आपणच, याबद्दल निवासच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

खरं सांगायचं तर कुणाच्याच मनात नव्हती. बंदूक उलटी, नळीचं टोक बुटावर, दस्त्यावर दोन्ही हात, मान खाली... असा निवास एकदा उभा राहिला की राहिला. गांधीलमाशी कानामागे डसली तरी तो हलला नव्हता. ही गोष्ट तो स्वतःच जेवणाच्या रांगेत सांगायचा, आणि दर वेळी माशी थोडी मोठी व्हायची.

"कोणती म्हातारी?" उस्तादांनी विचारलं.

"तीच की. दर बेस्तरवारी सकाळच्या एस्टीनं येती. माझ्याच म्होरं येऊन हुबी ऱ्हाती."

"तुझ्याच?"

"व्हय. दुसरा कोण पहाऱ्यावर असला की हात जोडून निघून जाती. मी असलो की हटत न्हाई."

"कशापायी?"

निवास हसला. "मला हलवायचं आसंल. लोकं लई नावाजत्यात न्हवं मला. कुणाच्या तरी डोळ्यात खुपणारच की."

बक्कल चकचकीत झालं होतं, तरी उस्ताद घासत राहिले.

"करती काय ती?"

"तोंडानं पुटपुटती. छातीवरच्या नावाच्या पट्टीवर बोट फिरवती. मग कडाकडा बोटं मोडती. शाप देती, दुसरं काय? आज साहेबांम्होरं आसलं काय केलं तर माझी दिल्ली गेली का न्हाई?"

"तिचं तोंड बघितलंस कधी?"

"मान खाली असती, उस्ताद. मला फकस्त तिचं पाय दिसत्यात. भेगाळल्यालं."

"अनवाणी?"

"अनवाणी."

उस्तादांनी बक्कल सोडलं. दोन पावलं मागे झाले आणि एकदम ओरडले, "पीछे मुड!"

हुकूम कानावर पडला की शिपायाचे पाय आधी फिरतात, डोकं मागून येतं. निवास गर्रकन फिरला.

समोर काळा दगड होता. नाक घासेल इतका जवळ.

या दगडापुढे तो महिनोन् महिने उभा राहिला होता. पण यायचं ते नजर समोर ठेवून, उभं राहायचं ते दगडाकडे पाठ करून, जायचं ते पुन्हा नजर समोर ठेवून. तसाच नियम होता. सुट्टी मिळाली की निवास गावात सिनेमाला जायचा. सुट्टीच्या दिवशी दगड बघायला कोण येतो?

"वाच," उस्ताद म्हणाले.

"मोठ्यानं?"

"मनात वाच. मोठ्यानं जमायचं न्हाई तुला."

निवास वरून वाचू लागला. सावंत, धुमाळ, कांबळे, शिंत्रे... कोरलेली नावं, एकाखाली एक. चेहऱ्यावर अजून हसू होतं. उस्तादांची काहीतरी परीक्षा असणार, आणि परीक्षेत तो कधी मागे पडला नव्हता.

मग त्याची नजर एका ओळीवर थांबली.

शिपाई निवास खोराटे.

...

त्याने डोळे मिटून उघडले आणि पुन्हा वाचलं. नाव तेच होतं. आपसूक त्याचा हात छातीकडे गेला, छातीवरची पट्टी त्याने चाचपली. तिच्यावरही तेच होतं. भर सकाळी त्याला दरदरून घाम फुटला.

"उस्ताद... ह्यो... ह्यो मी..."

"तू न्हवंस. माझ्याच हाताखाली शिकला त्यो. गाव निराळं, नाव तेच. वर बर्फात गेला, पहाऱ्यावर."

"आन् ती..."

"त्याची आई."

निवास दगडाकडे तोंड करून तसाच उभा राहिला. वळायला हुकूम नव्हता आणि धीरही नव्हता.

मागून उस्तादांचा आवाज येत होता. "तिला अक्षर येत न्हाई. ह्या दगडावर बोट फिरवून फिरवून पोराच्या नावाचा आकार तेवढा पाठ केलाय तिनं. मग एक दिवस त्योच आकार तुझ्या छातीवर घावला."

...

"आन् बोटं कानशिलावर मोडती. तुझी दृष्ट काढती ती," उस्ताद पुढे म्हणाले.

निवासच्या आवाजात लहान पोरासारखी तक्रार होती. "मला कुणीच कसं सांगितलं न्हाई? समद्यांना ठावं आसंल की!"

"समद्यांना ठावं हाय. तिनंच शपथ घातलीया. म्हणाली, पोराला त्याचं नाव दगडावर दावू नगासा. त्याच्या जिवाला घोर लागंल. मी आज ती मोडली."

हे ऐकलं आणि निवास हुकमाची वाट न बघता वळला. त्याचा चेहरा बघून उस्तादही दचकले.

"उस्ताद, आज बेस्तरवार."

"ठावं हाय. आजून कशी आली न्हाई, त्येच बघतोय."

"येणार न्हाई."

"का?"

निवासने मान खाली घातली. पहाऱ्यावर घालतात तशी नव्हे.

"मी सकाळीच गेटवरल्या नव्या शिपायाला सांगून आलोय. आज साहेब येणार हायती, तिला आत सोडू नगा. आन्... म्हातारी येडी हाय, म्हणून सांगितलं."

भल्याभल्या जवानांना एका आरोळीत सरळ करणाऱ्या उस्तादांचा चेहरा पांढराफटक पडला. निवासला वाटलं, आता हे कानफटात मारतील. मारली असती तर बरं झालं असतं.

"परत गेली?" त्यांनी विचारलं.

"न्हाई. मी इकडं येताना बसली हुती थितंच. चपला काढून, कडेला. शिपाई तिला म्हणाला, म्हातारे, आज दिल्लीचं मोठं लोक यायचं हायती, घरला जा. तर म्हणती, हितनंच बघती की."

"गेटातनं चौथरा दिसत न्हाई," उस्ताद म्हणाले.

तेवढ्यात बिगुल वाजला.

लांब सडकेवर गाड्यांची धूळ उठली. साहेब येत होते. निवासचे पाय सवयीने आपल्या जागेवर गेले. त्याने बंदूक उलटी केली, नळी बुटावर टेकवली, दस्त्यावर हात ठेवले, मान लववली. सगळं शिकवल्याबरहुकूम.

फक्त नळी बुटावर ठरत नव्हती. टक्, टक्, टक्... बंदूक थरथरत होती. गांधीलमाशीला न हललेला माणूस पायापासून कानापर्यंत हलत होता, आणि त्याला ते थांबवता येत नव्हतं.

उस्तादांनी हात पुढे केला. "बंदूक दे."

"उस्ताद?"

"दे म्हन्तो न्हवं?"

त्यांनी बंदूक घेतली. खांद्याने निवासला बाजूला सारलं आणि त्याच्या जागेवर स्वतः उभे राहिले. गुडघे कुरकुरले असतील, पण बंदुकीचा आवाज झाला नाही. मान खाली गेली.

"जा."

निवासने सडकेकडे पाहिलं. धूळ जवळ येत होती. दिल्ली, तिथला पहारा, आईला पाठवायचा फोटो, गावच्या पारावर होणारं नाव, सगळं त्या धुळीतून त्याच्याकडे येत होतं. साहेब उतरतील आणि चौथऱ्यावर एक म्हातारा सुभेदार दिसेल. पहाऱ्यावरून निघून गेलेला जवान... त्याला पुढे कोण उभं करील? दिल्ली सोडा, इथे तरी कोण उभं करील?

त्याने गेटकडे पाहिलं. मग पुन्हा धुळीकडे.

"उस्ताद, साहेब आलं... आसं स्मारक सोडून कसा जाऊ मी?"

उस्तादांनी मान वर केली नाही.

"स्मारक गेटाभाईर उन्हात बसलंय."