पांढरा मांजरपाट

एकदा एक कापडव्यापारी वेताची टोपली छातीशी धरून एका वृद्ध पशुवैद्याच्या दवाखान्यात आला. टोपलीत साडेतीन वर्षांची गिनीपिगची मादी होती. तिचे नाव मिरी. व्यापाऱ्याच्या घरी त्या दोघांवाचून तिसरे कुणी नव्हते.

वृद्ध वैद्य त्या दिवशी परगावी गेले होते. दवाखाना त्यांची शिष्या यामिनी सांभाळत होती. पदवी घेऊन तिला वर्ष झाले होते आणि हात चांगला होता.

"हिच्या लघवीतून रक्त जातंय," व्यापारी म्हणाला.

यामिनीने केसपेपरवर तेच वाक्य लिहिले. पोट हलकेच दाबून पाहिले, एक्स-रे काढला. मूत्राशयात खडा नव्हता. म्हणजे जंतुसंसर्ग, असे ठरवून तिने दहा दिवसांचे औषध दिले.

दहा दिवसांनी व्यापारी परत आला. मिरीचे खाणे निम्म्यावर आले होते आणि गवतावरचे तांबडे डाग तसेच होते. यामिनीने औषध बदलायचे ठरवले. परंतु या वेळी वृद्ध वैद्य दवाखान्यात होते. त्यांनी केसपेपर वाचला, मिरीला उचलून तिच्या दोन्ही कुशींवरून बोट फिरवले आणि व्यापाऱ्याला म्हणाले, "दुकान जवळच आहे ना? चार हात पांढरा मांजरपाट घेऊन या."

व्यापाऱ्याचा चेहरा उतरला. त्याच्या दुकानातून पांढरा मांजरपाट बहुधा एकाच कामासाठी जात असे. "डॉक्टर," तो अडखळत म्हणाला, "इतक्यावर आलंय का?"

"तसं काही मनात आणू नका," वैद्य म्हणाले. "मला ती जिवंत हवी आहे, म्हणून कापड हवंय."

कापड आले. वैद्यांनी ते आतल्या खोलीत जमिनीवर अंथरले, चारही बाजूंना पुस्तके लावून कुंपण केले आणि मिरीला मधोमध सोडले. तिच्यापुढे कोथिंबिरीची जुडी ठेवली. मग स्वतः भिंतीला टेकून खाली बसले आणि नुसते पाहत राहिले.

यामिनीला काही उमगेना. बाहेर दोन कुत्री आणि एक मांजर खोळंबले होते. "सर, निदान रक्त तपासायला घेऊ का?" तिने विचारले.

"घेऊ. आधी बस."

ती बसली. मिरी कोपऱ्यात दबून होती. बऱ्याच वेळाने तिने एक काडी कुरतडली. मग कापडाच्या कडेला जाऊन ती लघवी करून आली. यामिनी गुडघ्यांवर पुढे सरकली. ओल गढूळ, किंचित पिवळसर होती, नेहमी असते तशी. तांबडेपणाचा मागमूस नव्हता. तिने वैद्यांकडे पाहिले, पण त्यांची नजर मिरीवरच होती.

आणखी पाव तास गेला. मिरी मधोमध येऊन बसली, थोडी कण्हली आणि पुढे सरकली. जिथे ती बसली होती तिथे, पूर्ण कोरड्या कापडावर, हरभऱ्याएवढा लाल ठिपका उमटला होता.

यामिनी कितीतरी वेळ त्या दोन डागांकडे आळीपाळीने पाहत राहिली. पिंजऱ्यातल्या ओल्या गवतात ते एकमेकांत मिसळून जात होते. इथे त्यांच्यात हातभर अंतर होते.

"हे रक्त मूत्राशयातलं नाहीच," ती हळूच म्हणाली. "गर्भाशयातलं आहे."

"कुशींवरून हात फिरव."

तिने फिरवला. दोन्ही बाजूंचे केस सारखेच विरळ झाले होते, बीजांडकोशांवर गाठी असल्या की होतात तसे. दहा दिवसांपूर्वीही ते तसेच होते. तेव्हा तिने ते वयामुळे असेल म्हणून सोडून दिले होते. सोनोग्राफीत दोन्ही बीजांडकोशांवर पाण्याने भरलेल्या गाठी दिसल्या, आणि गर्भाशयाचे अस्तर जाड झालेले.

वैद्य म्हणाले, "यामिनी, त्या गृहस्थांनी काय पाहिलं? गवतावर तांबडा डाग. 'लघवीतून' हा शब्द त्यांचा अंदाज होता. माणूस जे पाहतो त्याला आपला अंदाज जोडूनच बोलतो, त्यात त्याचा दोष नाही. पण तू तो अंदाज कागदावर उतरवलास आणि लिहिल्याबरोबर तो तुला खरा वाटू लागला. पुढचे दहा दिवस तू त्या शब्दावर उपचार करत होतीस, मिरीवर नाही. या जीवात दोन्ही वाटा अगदी शेजारी शेजारी उघडतात. डाग कुठून आला, हे डागाला विचारून कळत नाही. वाट पाहावी लागते."

शस्त्रक्रिया करून गाठींसह बीजांडकोश आणि गर्भाशय काढणे हा उपाय होता. एवढ्याशा जीवाला भूल देणे जोखमीचे, त्यातून ती औषधाने अशक्त झालेली. "मालकांना तू सांग," वैद्य म्हणाले. "सगळं सांग."

यामिनीने सगळे सांगितले, वाया गेलेले दहा दिवसही. व्यापाऱ्याने खाली मान घालून ऐकले आणि होकार दिला.

शस्त्रक्रिया यामिनीने केली. वैद्य शेजारी उभे होते. त्यांनी हात लावला नाही. दोन दिवस मिरीने तोंडात काही घेतले नाही. यामिनी दर तीन तासांनी तिला पिचकारीने पातळ खाणे भरवत राहिली आणि प्रत्येक वेळी आधी थोडा वेळ तिच्याकडे नुसती पाहत बसली. तिसऱ्या दिवशी सकाळी मिरीने आपण होऊन गवताची काडी ओढली.

आठवड्याने व्यापारी तिला न्यायला आला. टोपली उचलताना तो थांबला.

"एक बोलू का? लघवीतून रक्त जातंय, असं मीच म्हणालो होतो तुम्हाला. चूक माझीही होती."

"नाही," यामिनी म्हणाली. "तुम्ही मनाला वाटलं ते सांगितलंत. डोळ्यांना काय दिसलं, हे विचारायचं काम माझं होतं."

बाहेर बाकावर एक बाई पोपटाचा पिंजरा घेऊन बसल्या होत्या. यामिनीने त्यांना आत बोलावले, केसपेपर पुढे ओढला आणि पेन तसेच बंद ठेवून पिंजऱ्याशेजारी खुर्ची घेतली.