दोनदा उघडलेलं इंजिन

घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात एक मिस्त्री होता. घाट उतरणाऱ्या गाडीचा नुसता आवाज ऐकून तो कुठला बोल्ट ढिला आहे ते सांगायचा, आणि लहर आली तर ड्रायव्हरने सकाळी काय खाल्लं तेही. त्याच्या हातचं इंजिन दुसऱ्यांदा उघडावं लागत नाही, असं लोक म्हणायचे. लोकांच्या आधी तो स्वतः म्हणायचा.

एके दिवशी एक जीपवाला जीप ढकलत घेऊन आला. सुरू केली की मागून पांढरा धूर, रेडिएटर ओतावं तितकं पाणी पिणारा, आणि इंजिनातलं ऑइल दुधाच्या चहासारखं. हेड गॅस्केट गेली, असं मिस्त्रीने लांबूनच सांगून टाकलं. इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं झाकण, म्हणजे हेड, या दोघांमध्ये गळती अडवणारी पातळ गॅस्केट दाबून बसवलेली असते. ती फुटली की पाणी तेलात शिरतं.

दुसऱ्या दिवशी त्याच जीपमधून वऱ्हाड जायचं होतं, घाटावरच्या गावी. नवऱ्या मुलाचा बाप त्या दिवशी सकाळीच गॅरेजसमोर येऊन बसला. "अहो मिस्त्री, मुहूर्त काय तुमच्या पान्यासाठी थांबणार आहे का?" असं तो दर चहाला विचारायचा.

बघे जमले, तशी मिस्त्रीलाही हुक्की आली. एकदा म्हणे त्याने ड्रायव्हरला कळू न देता चालत्या गाडीचं इंजिन बदललं होतं. सांगता सांगता त्याने हेड उतरवलं, जुनी गॅस्केट खरवडली, नवी ठेवली आणि बोल्ट मधून कडेकडे, तीन फेऱ्यांत आवळले. जीप लगेच सुरू झाली. धूर नाही. टाळ्या पडल्या. वऱ्हाडाची चौदा माणसं चढून बसली.

हात पुसताना मिस्त्रीची नजर भिंतीवरच्या पोलादी पट्टीवर गेली. ती आज खाली उतरलीच नव्हती. इंजिन तापून हेड वाकतं, म्हणून बसवण्याआधी त्यावर ती सरळ पट्टी धरून पाहायची असते. वाकलेल्या हेडखाली नवी गॅस्केटही टिकत नाही. ती फाटणार ऐन चढावर, इंजिन बंद पडणार आणि भरलेली जीप तिथून मागे सरकायला लागणार.

हे त्याच्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं. शिवाय हेड सरळ असेलही. जीपवाल्याने गिअर टाकला.

मिस्त्री जीपपुढे जाऊन उभा राहिला. "उतरा सगळे. इंजिन पुन्हा उघडायचंय. माझी चूक झाली."

यावर नवऱ्या मुलाचा बाप जे बोलला, ते मुलांच्या गोष्टीत लिहिता येत नाही. जीपवाला जवळ येऊन हळूच म्हणाला, "मिस्त्री, चाललीये की चांगली. कशाला आपल्याच हाताने आपली शोभा करून घेताय?"

मिस्त्रीने बॉनेट उघडलं. इंजिन निवलं, तसं त्याने हेड उतरवून पुसलं, पट्टी आडवी लावली आणि उन्हासमोर धरली. पट्टीखालून उजेडाची बारीक रेघ आरपार दिसली. जीपवाल्याने ती पाहिली, मग घाटाकडे पाहिलं, आणि तो बाकड्यावर बसला.

हेड सपाट करायला तालुक्याला गेलं. वऱ्हाड घाट पायी चढलं. नवरा मुलगा फेटा हातात घेऊन मुहूर्तानंतर दोन तासांनी पोचला, आणि मंगलाष्टकं चालू असताना जेवणाची चौकशी करत होता म्हणतात. इकडे गावात पुढचे आठ दिवस येणारा जाणारा विचारायचा, "काय मिस्त्री, आज कितव्यांदा?" मिस्त्री खरा आकडा सांगायचा.

वर्षभराने तोच नवऱ्या मुलाचा बाप स्वतःची जीप घेऊन दारात आला. वाटेतली चार गॅरेजं सोडून आला होता. मिस्त्री गोंधळला. माझ्यामुळे तुमचा मुहूर्त हुकला होता, अशी त्याने आठवण करून दिली.

"हुकला ना," तो म्हणाला. "पण त्या चारही ठिकाणी विचारून आलो. त्यांच्या हातून आजवर एकही चूक झालेली नाही म्हणे. मला भीती वाटली."

तात्पर्य: चूक कबूल करायची लाज आपल्या एकट्याला वाटते, पण चूक झाकली, तर भोगायला गाडीतले सगळे असतात.