हैबती मांडववाल्याची नेमबाजी

एका गावात एक भोळा मांडववाला होता. रोगाच्या साथीत गाव बंद झालं, तेव्हा तोही बंद झाला. लग्न नाही, मुंज नाही, बारसं नाही. मांडव घालणार कुणाचा? बांबू गोठ्यात आडवे पडले आणि हैबती ओसरीवर उभा राहिला. उभा अशासाठी, की सरकारनं घरात बसायला सांगितलं होतं, आणि ओसरी घरात धरायची की बाहेर हे त्याला ठरवता येईना. उगाच बाहेर बसल्याचा गुन्हा नको, म्हणून तो बसतच नव्हता.

चार दिवस हे बघून त्याची बायको वैजयंता म्हणाली, "आवं, कसला तरी छंद लावून घ्या. डोकं ताळ्यावर राहील."

"माझं डोकं ताळ्यावरच हाय की."

"तुमचं नव्हं, माझं."

तिचे वडील, सुभेदार केरबा, त्याच घरात होते. फौजेतून निवृत्त होऊन वीस वर्षं झाली होती, पण मिशा अजून नोकरीत होत्या. आपली छऱ्याची बंदूक दुरुस्तीला तालुक्याला घेऊन निघाले, वाटेत लेकीकडे चहाला उतरले आणि टाळेबंदीत अडकले ते अडकलेच. रिकामपणी त्यांनी बंदूक खोबरेल तेल घालून स्वतःच नीट केली होती.

"पाव्हणं, नेमबाजी करा," ते म्हणाले. "घरातल्या घरात जमतं. मन थाऱ्यावर येतं."

"आबा, ह्यांच्या हातात बंदूक?" वैजयंता म्हणाली. "परवा ह्यांना म्हटलं, दुधाकडं बघत बसा. सगळं उतू गेलं. वर म्हणतात, शेवटपर्यंत बघितलं."

"बघितलं की," हैबती म्हणाला. "एक थेंब नजरेतनं सुटला नाही."

खरं सांगायचं तर हैबतीला बंदुकीचं एवढं काही नव्हतं. त्याला सासऱ्यांच्या, म्हणजे मामांच्या तोंडून एकदा 'शाब्बास' ऐकायचं होतं. लग्नाला बारा वर्षं झाली होती. मामांनी त्याच्या बैलाला शाब्बास म्हटलं, कुत्र्याला म्हटलं, एकदा तर त्यानं आणलेल्या कलिंगडाला म्हटलं. जावयाला कधी म्हटलं नाही. बिचाऱ्याला हे फार लागायचं.

शेवटी तोडगा निघाला. तालुक्यातल्या हौशी नेमबाजांनी मोबाईलवर स्पर्धा ठेवली होती. आपापल्या परसात कागदावर दहा छरे मारायचे आणि कागदाचा फोटो पाठवायचा. वैजयंता म्हणाली, "पहिल्या दहात नंबर आला, तर करा छंद. न्हाईतर बंदूक माळ्यावर, आणि पुन्हा नाव काढायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी परसात शिकवणी सुरू झाली. मामांनी परात, ताट, ताटल्या, वाट्या असं लहान होत जाणारं काय काय कागदावर उपडं घालून एकात एक दहा गोल काढले. सगळ्यात बाहेरचा गोल परातीचा, एका गुणाचा; सगळ्यात आतला वैजयंताच्या बांगडीचा, दहा गुणांचा.

"आता ऐका. लक्ष एका जागी ठेवायचं, तर डावा डोळा मिटायचा."

हैबतीनं हे पक्कं ध्यानात ठेवलं.

तेवढ्यात सरपंचबाई मास्क वाटत दारात आल्या. हैबतीनं मास्क लावला. त्या म्हणाल्या, "हैबतीभाऊ, मी काय सांगते त्याकडं नीट लक्ष द्या."

हैबतीनं लगेच डावा डोळा मिटला.

सरपंचबाई थांबल्या. "काय हो हे?"

"तुम्ही बोला. माझं सगळं लक्ष तुमच्यावरच हाय."

मास्कच्या वर माणसाचे दोन डोळेच तेवढे दिसतात, आणि हैबतीचा त्यातला एकच उघडा होता. सरपंचबाई तणतणत निघून गेल्या. जाताना मास्कही काढून घेऊन गेल्या.

वैजयंतानं कपाळावर हात मारून घेतला. "जनाची न्हाई तर मनाची तरी ठेवा! समोर कुणी आलं की दोन्ही डोळं उघडं ठेवायचं, मान खाली घालायची आन् दोन्ही हात जोडून नमस्कार करायचा."

"कुणीबी आलं तरी?"

"कुणीबी!"

हैबतीनं हेही पक्कं ध्यानात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मामांनी त्याच्या हातात बंदूक दिली आणि कागद समोर आला. हैबतीनं दोन्ही डोळे उघडे ठेवले, मान खाली घातली आणि दोन्ही हात जोडले. आता दोन्ही हात जोडल्यावर बंदूक कुणी धरायची? ती मामांच्या पायावर पडली. मामा एका पायावर परसाला दोन फेऱ्या घालून आले आणि त्या अवधीत जे बोलले ते फौजेतच बोलतात.

दम खाऊन ते म्हणाले, "पाव्हणं, हे बघा. बोट कामाला लागलं की श्वास रोखायचा. जरासुद्धा सोडायचा न्हाई. आलं ध्यानात?"

"आलं, मामा."

दुपारी आरोग्यखात्याच्या आशाताई घरोघर तपासणी करत आल्या. त्यांनी हैबतीच्या बोटाला ते प्राणवायू मोजायचं चिमट्यासारखं यंत्र लावलं. हैबतीनं बघितलं, बोट कामाला लागलं आहे. त्यानं श्वास रोखला. उंच खांबावर चढून गाठी मारणारा माणूस, दमाला कच्चा नव्हता. यंत्रावर आकडा होता सत्त्याण्णव. मग झाले चौऱ्याण्णव. मग एकोणनव्वद. हैबतीचे डोळे बाहेर आले, चेहरा वांग्यासारखा झाला.

"अगं बाई! गाडी बोलवा!" आशाताई ओरडल्या. आळी गोळा झाली, तीही सहा-सहा फुटांवर. वैजयंता तर रडायलाच लागली. कितीही येडा असला तरी नवरा होता, आणि तसा जिवाला जीव देणारा होता. शेवटी आशाताईंनी घाईघाईनं यंत्र काढलं, तसा हैबतीनं भस्सकन श्वास सोडला आणि म्हणाला, "आकडा चांगला आला का?"

आशाताई यंत्र पिशवीत कोंबत म्हणाल्या, "भाऊ, बोटाला काही लागलं की मोठमोठे श्वास घ्यायचे! छाती भरून!"

पुढचं सांगायलाच नको. दुसऱ्या दिवशी बंदुकीचा चाप बोटाला लागला आणि हैबती भात्यासारखा श्वास घ्यायला लागला. बंदूक वर गेली, खाली गेली, वर गेली आणि सुटली. छरा कागद सोडून गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला लागला. वैजयंता खाली कुरडया गोळा करत होती. टाकीतून बारीक धार निघाली आणि वाळलेल्या कुरडया पुन्हा चीक झाल्या.

वैजयंतानं माळ्याची शिडी आणून भिंतीला लावून ठेवली.

त्या दिवसापासून मामांनी शिकवण्याची तऱ्हा बदलली. "पाव्हणं, आता मी काहीबी सांगणार न्हाई. मी करतो तसं करा."

आणि गंमत बघा, हैबतीला ते जमलं. सांगणारं कुणी नसलं की त्याचं काही बिघडत नसे. तो पहाटे उठून परसात जाई आणि सूर्य डोक्यावर येईपर्यंत मारत बसे. महिन्याभरात त्याचे दहातले आठ छरे बांगडीच्या गोलात जायला लागले. मग नऊ. मग दहाच्या दहा. मामा मिशी चावत बघत राहिले. शाब्बास अगदी ओठावर आलं होतं, पण त्यांनी ते गिळलं. "स्पर्धेत मारा," ते म्हणाले. "मग बघू."

स्पर्धेचा दिवस उजाडला. वैजयंताचाही राग निवळला होता. "शिरा करते," ती म्हणाली. "पळत जाऊन साखर घेऊन या."

किराणा दुकानासमोर चुन्याचे गोल आखलेले होते. हैबती आपला घाईत होता. तो सरळ पुढच्या माणसाच्या गोलात जाऊन उभा राहिला. पायाशी खाडकन काठी आपटली.

"ए शहाण्या!" हवालदार गरजले. "एका गोलात एकच! तिथं आधीच कुणी असंल, तर दुसऱ्यानं शिरायचं न्हाई. दुसरा गोल बघायचा!"

"हे फक्त दुकानापुढंच का, सायब?"

"कुठंबी! जिथं गोल दिसतील तिथं! पुन्हा सांगणार न्हाई."

हैबतीनं हेही पक्कं ध्यानात ठेवलं.

दुपारी त्यानं छरे मारले. मामा काही बघायला आले नाहीत. त्यांना बघायचा धीर होईना, म्हणून ते आत देवापाशी बसले होते. वैजयंतानं कागदाचा फोटो काढून पाठवला आणि शिरा ढवळायला गेली.

संध्याकाळी निकाल आला. शंभरातले पंचावन्न गुण. चाळीस जणांत नंबर अडतिसावा.

वैजयंतानं बंदूक उचलली आणि शिडी चढली. हैबती ओसरीवर जाऊन उभा राहिला. शिऱ्याकडे कुणी बघेना.

मामा जड पावलांनी परसात गेले. कागद काढून चुलीत घालावा म्हणून त्यांनी हात पुढे केला आणि हात तिथंच थांबला. त्यांनी चष्मा लावला. वरच्या कडेपासून मधल्या गोलापर्यंत दहा भोकं एका रेषेत होती, ओळंब्याचा दोरा सोडून मारल्यासारखी. परातीच्या गोलात एक. ताटाच्या गोलात एक. पुढच्या प्रत्येक गोलात एक, आणि बरोबर मधोमध बांगडीत एक. एकही छरा रेघेला लागलेला नव्हता. असा नेम त्यांनी पलटणीतही बघितला नव्हता.

"शाब्बास!" मामा जे ओरडले ते वेशीपर्यंत ऐकू गेलं. "शाब्बास, पाव्हणं!"

हैबती धावत आला. बारा वर्षांनी ऐकलं, डोळ्यांत टचकन पाणी आलं त्याच्या.

"पण मला एक सांगा," मामा म्हणाले, "असला नेम असताना दहाच्या दहा मधल्या गोलात का न्हाई मारलं?"

"पहिला तिथंच मारला, मामा," हैबती डोळे पुसत म्हणाला. "पण तो तिथं उभा असताना त्याच गोलात दुसरा कसा घुसवणार? रोगराईचे दिवस हायेत."

मामा मटकन खाली बसले. शाब्बास तर तोंडातून निघून गेलं होतं. दिलेलं शाब्बास परत कसं घ्यायचं, हे त्यांना फौजेत कुणी शिकवलं नव्हतं.